अप्पांनी फक्त पाणी टाकलं होतं

स्टोअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला एक खोड असते. वस्तू हातात आली की तो आधी तिला चिठ्ठी बांधतो आणि मग ती काय आहे ते बघतो. रोह्याच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं स्टोअर सांभाळतोय. त्यामुळे बाईंची जुनी इंग्लिश गाडी खोलायला घेतली त्या दिवशी मी पहिलं काम केलं ते दोनशे पानी वही आणण्याचं. कुठला बोल्ट कुठून निघाला ते लिहून ठेवायचं, एवढाच हेतू होता. आज तीन वह्या भरल्यात. त्यातल्या दीड वहीत बोल्ट मावले. उरलेल्या दीड वहीत माणसं आहेत, आणि एक कोंबडी.

किस्से असेच साठतात. गॅरेजच्या कोपऱ्यात वायसर साठतात तसे. कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण झाडायला गेलं की मूठभर निघतात.

गाडीबद्दल थोडं सांगतो. दोन सीटची, लांब नाकाची, डोक्यावर टप नसलेली, इंग्लंडात बनलेली स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव सांगितलं की लोक गाडी बघायचं सोडून किंमत विचारतात.

बाई म्हणजे माझ्या चौथीच्या बाई. आता सत्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचे वडील, नाना, रोह्यात डॉक्टर होते, आणि साठेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे अशी एक गाडी होती. नानांनी ती विकली, ती या हातातून त्या हातात गेली, आणि नानांचे कागद वाळवीनं खाल्ले. मग दोन वर्षांपूर्वी रोह्याजवळच्या एका बंद भातगिरणीच्या पडवीत बाईंना अशीच गाडी दिसली. बाई म्हणाल्या, "हीच." त्यांचे थोरले भाऊ अप्पा, वय ब्याऐंशी, म्हणाले, "ही नव्हेच."

भाऊ-बहीण एकाच बिल्डिंगमध्ये राहतात. बाई खाली, अप्पा वर. गाडीवरचा वाद जिन्यात चालायचा.

बाईंनी मला बोलावलं. "दिलीप, तू नोंदी चांगल्या ठेवतोस. ही नानांची गाडी आहे हे अप्पाला पटेल असा पुरावा शोधून दे. तो एकदा त्या गाडीत बसला पाहिजे. त्याचं वय तू बघतोयस."

मी निघालो तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "आणि डावीकडचं मागचं मडगार्ड नीट बघ."

तेही मी वहीत लिहिलं. कुणी निघालं की बाई काहीतरी बजावतातच, असं वाटून सोडूनही दिलं.

* * *

बाईंनी गाडी विकत घेतली आणि आम्ही ती टेम्पोवर चढवून पेणला आणली. पेणच्या वेशीवर नारूदादाचं गॅरेज आहे. नारूदादा गणपतीच्या मूर्ती वाहणारे टेम्पो दुरुस्त करतो. इंग्लिश गाडी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तीन फेऱ्या मारून म्हणाला, "नाक एवढं लांब नि बसायला जागा दोघांना. ज्यानं बनवली त्याला नातेवाईक नव्हते वाटतं."

मग त्यानं डिकी उघडली आणि हळूच परत लावली.

"भाऊ, आत कोण तरी हाय."

आत एक तांबडी कोंबडी होती. अंड्यांवर बसलेली. रोहा ते पेण ती तशीच बसून आली होती. मी गिरणीवाल्या काकूंना फोन लावला.

"तिला उठवू नका हां," काकू म्हणाल्या. "खुडूक हाय ती. आठवडा झाला बसून. अजून दोन आठवडे बसंल. गाडी ठोकू नका, हलवू नका. अंडी वाया जातील."

पुढचे दोन आठवडे गॅरेजमध्ये हातोडा उचलला गेला नाही. टेम्पोवाले यायचे, तर नारूदादा त्यांना बाहेरच थांबवायचा. "दोन आठवड्यांनी ये. आत बाळंतपण चाललंय."

माझ्या वहीची पहिली पानं अशी आहेत: "कोंबडी बसली आहे." "कोंबडी बसली आहे." "कोंबडी पाणी प्यायली, परत बसली."

बाई रोज संध्याकाळी फोन करायच्या. "काम कुठवर आलं?"

पंधराव्या दिवशी मी सांगितलं, "बाई, सात झाली."

बाई म्हणाल्या, "सगळी धडधाकट?"

* * *

याच दोन आठवड्यांत मी इंग्लंडला पत्र लिहिलं, म्हणजे ईमेल. तिकडे अशा जुन्या गाड्यांच्या नोंदी ठेवणारी हौशी मंडळी आहेत. कुठली गाडी कुठल्या रंगात बाहेर पडली, कुठल्या बोटीनं कुठल्या देशात गेली, ते त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. वाचून मला भरून आलं. आपल्यासारखी माणसं तिकडेही आहेत तर.

एका आजोबांचं उत्तर आलं. त्यांनी बरेच प्रश्न विचारले होते. चासीवरचा नंबर काय? गाडी कोरड्या जागी आहे ना? आत उंदीर-घुशींचा वावर आहे का?

मी खरं ते लिहिलं. जागा कोरडी आहे. उंदीर नाहीत. चासीचा नंबर डिकीच्या तळाशी आहे असं आपण म्हणता, पण तिथे कोंबडी अंड्यांवर बसली असल्यामुळे तूर्त वाचता येत नाही.

तासाभरात उत्तर आलं. एकच ओळ. "कोणत्या जातीची?"

मी लिहिलं, "गावठी."

त्यांच्याकडेही कोंबड्या होत्या. पुढच्या तीन पत्रांत गाडीचा विषय निघालाच नाही. त्यांची एक कोंबडी दाण्याला तोंड लावत नव्हती. मी काकूंना विचारून उपाय कळवला, तो लागू पडला, आणि आजोबांनी खूश होऊन आमच्या गाडीसाठी चार दिवस जुनी दप्तरं उपसली.

पिल्लं निघाल्यावर मी नंबर पाठवला आणि उत्तर आलं: गाडी हिरव्या रंगात बाहेर पडली, बोटीनं मुंबईला गेली. त्यापुढची नोंद नाही.

मी तो कागद छापून अप्पांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"मुंबईला उतरली. बरोबर. मुंबईत काय एकच गाडी उतरली?"

* * *

पिल्लं झाली, कोंबडी उतरली, काम सुरू झालं. म्हणजे नारूदादानं पहिल्या बोल्टला पाना लावला आणि काम थांबलं.

"बारा जात नाय," तो म्हणाला. "तेरा नुसता फिरतोय. मधला पाना देवानं बनवलाच नाय."

मी सांगितलं, ही गाडी इंचात आहे. आपले पाने मिलिमीटरचे.

नारूदादानं पेणमधली सगळी दुकानं पालथी घातली. इंचाचे पाने कुठेच नव्हते. तो वैतागून म्हणाला, "ज्या गिरणीत ही गाडी होती, तिथंच टाकून येऊ. तिथं तिची सवय झालेली."

गिरणी म्हणताच मला आठवलं. गिरणीत भात सडायचं जुनं इंग्लिश इंजिन होतं, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना पाने टांगलेले होते. आम्ही गेलो. पाने गंजलेले, पण पुरे अकरा. नारूदादानं एक उचलून खिशातल्या बोल्टला लावला. असा बसला की काढायला जोर लागला.

काकू म्हणाल्या, "न्या की. पन माझी कोंबडी नि पिल्लं पयली आणा."

वहीत नोंद आहे: "कोंबडी एक, पिल्लं सात दिली. पाने अकरा घेतले. दोन्हीकडून तक्रार नाही."

* * *

अप्पा दर गुरुवारी यायचे. रोह्याहून गाडी पकडून पेणला उतरायचे, छत्री टेकत गॅरेजपर्यंत चालत यायचे आणि दारात दोन्ही हात मागे बांधून उभे राहायचे.

"ही ती नव्हे," म्हणायचे.

"चहा घ्या अप्पा," नारूदादा म्हणायचा.

"चहा घेतो. पण ही ती नव्हे."

एका गुरुवारी नारूदादा न राहवून बोलला, "अप्पा, गाडी तुमची नाय तर हर आठवड्याला तिकीट काढून येता कशाला?"

"नाही हे सांगायला. नाही सांगितलं तर तुम्ही लोक धरून चालाल."

"हात तरी लावून बघा. कळंल हाताला."

अप्पांनी मागचे हात अजून घट्ट धरले. "हे बघ. नानांची असेल, तर मला हात लावायची बंदी आहे. आणि नसेल, तर परक्याच्या गाडीला मी हात का लावू?"

हे मी वहीत लिहून ठेवलं.

ही बंदी काय, ते सगळ्या रोह्याला माहीत आहे. दसऱ्याची सकाळ होती. अप्पा तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे. पूजेआधी गाडी धुवायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी बादली आणली, काथ्या आणला, आणि गाडी पुढून मागे धूत आणली. मागच्या मडगार्डवर पाणी टाकून काथ्यानं घासलं, आणि बघतात तर मडगार्ड विरघळलं. एवढा मोठा पोचा, मध्ये पत्रा फाटलेला, आणि पायाशी चिखल. तेवढ्यात नाना सोवळ्यात बाहेर आले.

"काय केलंस?"

"मी फक्त पाणी टाकलं."

नानांनी पोच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "या गाडीला परत हात लावायचा नाही." वर्षभरात गाडी विकली. अप्पा पुढे कुठलीच गाडी चालवायला शिकले नाहीत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी सायकलवर काढली.

बाकीच्या घराला मात्र या गोष्टीनं जन्मभराचा विनोद मिळाला. कुणाच्या हातून कप फुटला, काच तडकली, की तो म्हणणार, "मी फक्त पाणी टाकलं होतं." लग्नाच्या पंगतीत वाढपी पाणी घेऊन आला की भाचे ओरडणार, "अप्पांना देऊ नका." अप्पा हसायचे. पण हसून झाल्यावर प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायचे, "खरंच, मी फक्त पाणी टाकलं होतं."

बाईंच्या घरी ही गोष्ट निघाली की बाई चहा ठेवायला उठायच्या.

* * *

रंगाचा किस्सा वेगळाच. नानांच्या गाडीचा एकच फोटो आहे, तोही कृष्णधवल. नवरात्रात बाईंचे मामा कॅमेरा घेऊन आले होते तेव्हाचा. गाडी बाजूनं दिसते, पुढे नाना, आणि मागच्या मडगार्डपाशी सोळा वर्षांच्या बाई, परकर पसरून उभ्या. त्यांच्यामुळे गाडीचा मागचा भाग झाकला गेलाय. मी भिंग लावून फोटोतली प्रत्येक गोष्ट मोजली. चाकाच्या तारासुद्धा. मडगार्ड तेवढं मोजता आलं नाही.

फोटोत रंग नाही, म्हणून मी रोह्यातल्या जुन्या माणसांना विचारायला निघालो. शिंपीकाका म्हणाले, लाल. निवृत्त पोस्टमन म्हणाले, निळी, मी शपथेवर सांगतो. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "पिवळी होती. हळदीसारखी. त्या दोघांना दिसतं कमी."

तिघांची नोंद करून मी पेणजवळच्या जोहे गावात कुसुमवहिनींकडे गेलो. कुसुमवहिनी गणपती रंगवतात. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, त्यांच्या हातचं असेल तर व्यापारी न बघता मूर्ती उचलतात. गाडी रंगवाल का विचारलं तर म्हणाल्या, "सोंड हाय का तिला?"

"नाक लांब आहे."

"मग जमंल."

त्या गॅरेजमध्ये आल्या, दाराजवळ बसल्या आणि ओला पॉलिश पेपर घेऊन एकाच जागी गोल गोल घासू लागल्या. कांदा कापल्यावर दिसतात तशी वलयं निघाली. लाल, त्याखाली निळा, त्याखाली पिवळा, आणि पार तळाला हिरवा.

"समदे खरं बोलतात वो भाऊ," वहिनी म्हणाल्या. "ज्यानं त्यानं आपापल्या येळची गाडी बघितली."

पनवेलच्या दुकानानं कॉम्प्युटरवर जुळवून हिरवा रंग दिला. वहिनींनी डबा उघडून पाहिला. "हा शाळंच्या बाकाचा." मग त्यात थोडा पीतांबराचा पिवळा घातला, काळ्याचा एक थेंब, आणि ढवळत राहिल्या. शेवटी काडीवरचा रंग तळाच्या रंगावर ठेवला, तर काडी कुठे संपते ते मला दिसेना.

गुरुवारी अप्पांनी पाहिलं. "हिरवी होती, हे मी कधी नाकारलं? हिरवी असणं हा पुरावा नव्हे."

* * *

वहिनींची एक अट होती. डोळे शेवटी.

मूर्तीचं सगळं अंग रंगवून होतं, दागिने होतात, आणि मग आखणी. डोळे उघडले की मूर्ती बघायला लागते. तिच्यासमोर मग कच्चं काम करायचं नाही. नारूदादानं वायरिंग तपासायला हेडलाइट बसवले, तर वहिनींनी ब्रश खाली ठेवला.

"काढा आधी. माझं मागचं काम बाकी हाय, नि तुम्ही डोळे उघडून बसलात."

"वहिनी, ही गाडी हाय."

"मग मला कशाला बोलवलंत? टेम्पोच्या पेंटरला बोलवा."

हेडलाइट निघाले. दोन्ही दिवे पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले गेले.

गणपती उरकले, इंजिन लागलं, आणि एका सकाळी नारूदादा मला शेजारी बसवून गाडी बाहेर घेऊन निघाला. पुढे दिव्यांच्या जागी दोन भोकं. हमरापूरच्या फाट्यावर हवालदारांनी हात केला.

"लाइट कुठायत?"

नारूदादा म्हणाला, "आखणी व्हायची हाय, साहेब."

हवालदार इकडचेच असावेत. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, हिरव्या रंगावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हात कुणाचा?"

"जोह्याच्या कुसुमवहिनींचा."

"मग डोळे नसताना बाहेर कशाला काढली?" ते चिडून म्हणाले. "फिरवा मागं. नजर लागंल."

* * *

सगळी गाडी झाली तरी डावं मागचं मडगार्ड होईना. त्याच्यावर जुनं पत्र्याचं ठिगळ होतं, गॅसनं जोडलेलं. ते मी पहिल्या आठवड्यातच अप्पांना दाखवलं होतं. "जुन्या गाडीला ठिगळ नसतं कधी?" म्हणून त्यांनी ते उडवून लावलं होतं. आता त्याच ठिगळावर रंग फुगायचा. वहिनींनी तीनदा घासून तीनदा रंगवलं, आणि तिन्ही वेळा आठ दिवसांत फोड आले.

चौथ्यांदा त्यांनी ब्रश घेतला नाही. मूर्ती आतून वाळली का ते बघायला जशा बोटाच्या पेरानं वाजवतात, तसं मडगार्ड वाजवलं. इकडे टण्, टण्. ठिगळावर, ठप्प.

"भरलेलं हाय. ओल धरून बसलंय. उघडा."

नारूदादानं ठिगळ कापलं. आत पत्र्याच्या फाटीत करड्या रंगाचा एक गोळा गच्च बसला होता. ठिगळाकडची बाजू ज्योतीनं भाजून विटेसारखी झालेली, आतली बाजू नुसती माती. वहिनींनी थुंकी लावलेलं बोट तिच्यावर फिरवलं.

"शाडू."

"गाडीत?" नारूदादा म्हणाला.

"कारागिराचं काम नाय हे," वहिनी गोळा फिरवत म्हणाल्या. "पाण्याचा हात दिला नाय, नुसती दाबलीय. बोटं बघा की. पोरीची बोटं हायत. नि कडेला बघा, वरनं दाराचा हिरवा ऑइलपेंट मारलाय. येडी गो ती. कच्ची शाडू कधी टिकायची? कोणी पाणी टाकलं की वरची गेलीच."

मी लिहीत होतो. 'पाणी टाकलं' पर्यंत आलो आणि पेन थांबलं.

मी मागची पानं उलटली. "डावीकडचं मागचं मडगार्ड नीट बघ," हे बाईंचं वाक्य, पहिल्या दिवसाचं आणि नंतरच्या फोनांवरचं, माझ्याच अक्षरात चौदा ठिकाणी होतं.

* * *

गोळा बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं रोह्याला गेलो. बाईंनी डबा उघडला. चहा ठेवायला उठल्या नाहीत.

"नाना पेशंट बघायला सायकलवर गेले होते," त्या म्हणाल्या. "किल्ली खुंटीवर होती. मला फक्त बघायचं होतं, मला येते का. पुढे आली. मागे घेताना गोठ्यातल्या, गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर गेली. गणपतीत शाळेत मूर्ती केल्या होत्या, त्यातली शाडू घरी उरली होती."

"मग फोटोत तुम्ही तिथे—"

"दोन वर्षं भिंग लावून बघतोयस. मी तिथेच का उभी आहे, हे एकदा विचारायचं होतंस."

मी मान खाली घातली. चौथीतली सवय.

"आधी नानांची भीती होती," बाई म्हणाल्या. "नंतर त्याचा विनोद झाला. सगळं घर हसायला लागल्यावर कुठल्या हसण्यात थांबवून सांगायचं? आणि आता नुसतं सांगितलं, तर अप्पा म्हणेल, म्हातारी माझी समजूत घालतेय. म्हणून गाडी हवी होती."

"मी सांगू अप्पांना?"

"मी सांगेन. दसऱ्याला. तू आजचं लिही. वर तारीख घाल."

* * *

दसऱ्याच्या सकाळी आम्ही गाडी बाईंच्या बिल्डिंगच्या आवारात उभी केली. सगळी हिरवी, दिव्यांवर पांढरं फडकं. नारूदादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. कुसुमवहिनी आपट्याची पानं घेऊन आल्या होत्या. गॅलऱ्यांत माणसं उभी होती. अप्पा जिना उतरून आले आणि हात मागे बांधून नेहमीच्या अंतरावर थांबले.

"सुंदर केलीत," ते म्हणाले. "पण ही ती नव्हे."

बाईंनी त्यांच्या हातात डबा दिला. त्यामुळे हात पुढे आले. मग बाईंनी सांगितलं. डोणी, शाडू, ऑइलपेंट, परकर, सगळं. वर्गात सांगायच्या तसं, न चुकता, न थांबता. वरच्या गॅलरीतला भाचा हसायला लागला होता, तो मध्येच थांबला.

अप्पांनी चष्मा लावला. गोळा उलटा-सुलटा केला. बोटांच्या खळग्यांत स्वतःचं बोट घालून पाहिलं, ते मावलं नाही.

"म्हणजे मी फक्त पाणी टाकलं होतं."

"हो."

"हे जरा मोठ्यानं म्हण."

बाईंनी वर गॅलऱ्यांकडे पाहिलं आणि शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "अप्पानं फक्त पाणी टाकलं होतं."

अप्पा नळाकडे गेले, स्टीलची बादली भरून आणली, आणि डाव्या मागच्या मडगार्डवर सगळं पाणी ओतलं. काथ्या नव्हता, तर तळहातानं घासलं. बराच वेळ घासलं. मग वाकून खालून पाहिलं, हात पुसला आणि वहिनींना म्हणाले, "टिकलं."

"टिकणारच," वहिनी म्हणाल्या. त्यांनी दिव्यांवरचं फडकं काढलं.

अप्पांनी दार उघडलं आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. नारूदादा चालवायच्या जागेकडे वळला, तर अप्पांनी हातानं त्याला थांबवलं.

"तू नव्हे. ती."

"अप्पा, साठ वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

"पुढे घ्यायला येत होती ना तुला? मागे घ्यायची राहिली होती. बस."

नारूदादानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. बाईंनी पदर खोचला, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि बसल्या. नारूदादानं गिअर दाखवले, दोनदा. इंजिन लागलं. गाडी थरथरली आणि सावकाश, अगदी सावकाश, मागे सरकू लागली. एक हात. दोन हात.

मग मागून स्टील चेपल्याचा आवाज आला, आणि गाडी थांबली.

बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. डाव्या मागच्या चाकाकडे बघायची कुणाची हिंमत होईना.

अप्पा समोर बघत होते. मान न वळवता म्हणाले, "दिलीप, लिही. मी फक्त बादली ठेवली होती."